हापूसची वेबसाइट: लोक येतात, बघतात आणि ऑर्डर न देता जातात. टेस्टिंग नेमकं कसं करायचं?

कलमवाला
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वडील सगळा माल वाशीला पाठवायचे, अजूनही निम्मा तिकडेच जातो. उरलेला मी थेट घरपोच देतो. गिऱ्हाईक मुख्यतः पुणे-मुंबईचं, थोडं नाशिक-कोल्हापूर. आधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं, मग ओळखीच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली.

गेल्या सीझनला मार्च ते मे मिळून साधारण 9000 माणसं साइटवर आली आणि 180 च्या आसपास ऑर्डरी झाल्या. म्हणजे शंभरात दोन. बहुतेक माणसं इन्स्टाच्या जाहिरातीवरून येतात. जाहिरातीला जास्त पैसे ओतले की माणसं वाढतात, पण शंभरात दोन काही हलत नाहीत.

वेबसाइटवाला म्हणतो, हिरवं बटण केशरी करू आणि वर उलटं चालणारं घड्याळ लावू, "ऑफर संपत आली" म्हणून. एक एजन्सी कन्व्हर्जन (येणाऱ्यांपैकी घेणाऱ्यांचं प्रमाण) वाढवून देतो म्हणाली, महिन्याचा आकडा ऐकून मी फोन ठेवला. यंदा मोहोर बरा आहे, मार्चच्या मध्यापासून पेट्या सुटतील. हातात दोनेक महिने आहेत. ए/बी टेस्ट म्हणजे निम्म्यांना एक पान आणि निम्म्यांना दुसरं दाखवून बघायचं, एवढं ढोबळ माहीत आहे. आमच्याएवढ्या साइटला ते झेपतं का?

पेठकर
वाचतोय. माझी मसाल्यांची साइट आहे, दुखणं तेच.

बाबलो
टेस्ट-बिस्ट रवांदे, आधी फोन उचला. गिऱ्हाईक तिकडे वाट बघता.

निवृत्त_मास्तर
कलमवाले, तुम्हाला ए/बी टेस्ट शिकवायची गरज नाही, बागायतदाराला ती उपजत कळते. तुम्ही मोहोरासाठी कल्टार घालता ना? समजा नवीन कंपनीचं घेतलं आणि यंदा सगळ्याच कलमांना घातलं. मोहोर जास्त आला. श्रेय कल्टारचं की थंडीचं? सांगता येणार नाही. त्याच बागेत, त्याच उतारावर, निम्म्या कलमांना जुनं आणि निम्म्यांना नवीन घातलं, आणि कुठल्या कलमाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, तरच बोलता येईल. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1920 च्या दशकात हेच शास्त्र उभं केलं. वेबसाइटवाल्यांनी ते शेतकऱ्याकडून उचललंय.

तुमच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. मार्चमधला भाव वेगळा, मेमधला वेगळा. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात कसलंही बटण ठेवा, ऑर्डरी येणारच. त्यामुळे "एप्रिलमध्ये पान बदललं आणि विक्री वाढली" या वाक्याला काडीचा अर्थ नाही. जुनं आणि बदललेलं, दोन्ही पानं एकाच वेळी चालली पाहिजेत, येणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे आणि निम्म्यांना ते.

आता झेपण्याचा हिशोब. प्रत्येक पानाला किती माणसं लागतील याचं ढोबळ सूत्र असं: 16 गुणिले प्रमाण गुणिले (1 वजा प्रमाण), आणि या सगळ्याला फरकाच्या वर्गाने भागा. तुमचं प्रमाण 0.02. ते 0.024 व्हावं, म्हणजे विक्री वीस टक्क्यांनी वाढावी, एवढाच फरक पकडायचा असेल तर येतात 19,600 माणसं. एका पानाला. दोन्ही मिळून एकोणचाळीस हजारांच्या वर. तुमच्याकडे सबंध सीझनला येतात नऊ हजार. सूत्र विसरलात तरी चालेल, हे दोन आकडे विसरू नका.

शंभरात दोनचे तीन होतील एवढा मोठा फरक शोधत असाल तर एका पानाला 3136 म्हणजे एकूण सव्वासहा हजारांत भागतं. तुम्हाला सीझनला एकच टेस्ट परवडते, आणि तीही दणदणीत बदलाची. बटणाच्या रंगाने विक्री दीडपट होत नसते.

अवांतर: शेतीच्या आकडेशास्त्रात आपली माणसंही मोठी होऊन गेली. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांना (शेताचा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढण्याला) यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्याची शिस्त लावली. सुखात्मे तर साताऱ्याकडचे, बुध गावचे.

झटपट_सेल
मास्तर, थिअरी बरोबर आहे, पण धंदा असा चालत नाही. घड्याळ लावा, "फक्त 3 पेट्या शिल्लक" लावा, "आत्ताच कोथरूडमधून कुणीतरी ऑर्डर दिली" अशी पट्टी लावा. मी पाच-सहा साइट्सवर लावलंय, धाडधाड फरक पडतो. टेस्टची गरजच नाही.

वकीलताई
@झटपट_सेल, पेट्या खरंच तीनच उरल्या असतील तर जरूर लिहा. बागेत पाचशे पडलेल्या असताना लिहिलंत तर ती खोटी घाई झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नबद्दलची (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या साइटवरच्या युक्त्यांबद्दलची) मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात 13 प्रकार दिलेत आणि हा पहिल्याच क्रमांकावर आहे. "कोथरूडमधून कुणीतरी" हा कुणीतरी अस्तित्वात नसेल तर तेही त्यातच बसतं. छोट्या दुकानदाराला यातून सूट नाही.

कलमवाले, एक प्रश्न: तुमच्या साइटवर डिलिव्हरीचा खर्च कधी दिसतो?

कलमवाला
पत्ता भरून झाल्यावर, पैसे भरायच्या आधीच्या पानावर. पिनकोड कळल्याशिवाय खर्च कसा सांगणार?

वकीलताई
एखादा खर्च आधी दडवून शेवटी काढणं, यालाही त्याच तेरांत जागा आहे. तुमचा तसा हेतू नाही हे मला कळतं, पण गिऱ्हाइकाला हेतू दिसत नाही, पेटीची वाढलेली किंमत दिसते. पिनकोड पहिल्याच पानावर विचारा की.

मृण्मयी_डिझाइन
वकीलताईंना जोरदार अनुमोदन. माझा धंदाच हा असल्यामुळे जरा लांबण लावते.

टेस्ट ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे लोक नेमके कुठे अडतात ते डोळ्यांनी बघणं, आणि त्याला नऊ हजार माणसं लागत नाहीत, पाच-सहा पुरतात. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी फुकट आहे. ते बसवलंत की माणसं पानावर कुठे थांबतात, कुठून परत जातात याचं रेकॉर्डिंग दिसतं. भरलेली माहिती झाकलेली राहील एवढं सेटिंग तपासून घ्या.

पण त्याहून स्वस्त उपाय तुमच्या खिशात आहे. गेल्या सीझनचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि लोकांनी ऑर्डर देण्याआधी काय काय विचारलं ते वहीत उतरवून काढा. ज्याने साइट बघूनही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, त्याला साइटवर ते उत्तर सापडलं नव्हतं. आणि एकाने विचारलं असेल तर न विचारता निघून गेलेले किती असतील?

मग घरातल्या, ऑनलाइन खरेदीची सवय नसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात साधा अँड्रॉइड फोन द्या. वायफाय बंद. "एक पेटी कोथरूडला पाठव" एवढंच सांगा आणि तोंड शिवून बसा. "अगं तिथे दाब ना" म्हणालात की प्रयोग संपला.

साइट वापरायला सोपी आहे का ते तपासणारे जॅरेड स्पूल यांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानाच्या साइटवर पैसे भरण्याआधी लॉगिन नाहीतर नोंदणी करा असा फॉर्म यायचा. दोन रकाने, दोन बटणं, एक दुवा, बस. तो बनवणाऱ्यांना वाटायचं, नेहमीच्या गिऱ्हाइकांची सोयच आहे. प्रत्यक्ष माणसं बसवून बघितली तर नवे लोक नोंदणीच्या नावाने वैतागत होते आणि जुन्यांना पासवर्ड आठवत नव्हता. नोंदणीच्या जागी "पुढे चला" असं बटण आलं, खाली "खातं उघडायची गरज नाही" अशी ओळ आली. खरेदी करणारे 45 टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षी विक्रीत 30 कोटी डॉलरची भर पडली. अडचण सापडली ती माणसं बघून.

डोंबिवलीची_गिऱ्हाईक
मी विकणारी नाही, विकत घेणारी आहे. दरवर्षी अशा चार-पाच साइट्स बघते आणि शेवटी नेहमीच्या भाजीवाल्याकडून घेते. का ते सांगू?

एक, "5 डझन पेटी" लिहिलेलं असतं, फळ केवढं ते नसतं. दोनशे ग्रॅमचं की तीनशेचं? दोन, आंबा कच्चा येणार, अर्धा पिकलेला की तयार? पाहुणे रविवारी यायचे आणि आंबा बुधवारी पिकायचा. तीन, कधी येणार? "3 ते 7 दिवसांत" हे काय उत्तर झालं? आम्ही दोघं नोकरी करणारे, आंबा उन्हात वॉचमनच्या केबिनमध्ये पडून राहणार. आणि चार, आतून साका (पांढरट, न पिकलेला गर) निघाला तर पैसे परत की नुसतं "सॉरी मॅडम"?

बटणाचा रंग मला आजवर एकाही साइटचा आठवत नाही.

बाबलो
ताईंनी एका पोस्टीत एजन्सीचा सगळा रिपोर्ट फुकटात दिला. कलमवाल्यांनू, ह्यांका एक पेटी धाडा.

रेडमंडकर
सिएटलजवळ राहतो, बरीच वर्षं प्रयोगांच्याच प्लॅटफॉर्मवर काम करतो. मृण्मयी आणि मास्तर दोघांशी सहमत, पण एक वेगळी बाजू मांडतो. बारीक बदलांना इतकं हसू नका. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर जाहिरातीचं शीर्षक दाखवायची पद्धत जराशी बदलावी अशी कल्पना एकाने मांडली होती. सहा महिन्यांहून जास्त काळ ती यादीत धूळ खात पडली, कारण कुणालाच ती मोठी वाटत नव्हती. शेवटी एका इंजिनिअरने ती टेस्टला लावली. काही तासांतच उत्पन्न संशयास्पद वाढल्याचा अलार्म वाजला, लोकांना वाटलं बिलिंगमध्ये बग आहे. बग नव्हता. उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलं होतं, एकट्या अमेरिकेत वर्षाला 10 कोटी डॉलरच्या वर.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रॉन कोहावी तेव्हा तिथे प्रयोगांचे प्रमुख होते. त्यांनीच लिहून ठेवलंय की गूगल आणि बिंगवर शंभरातले दहा-वीसच प्रयोग फायद्याचे निघतात. हुशार माणसांच्या आवडत्या कल्पनाही बहुतेक पडतातच. ओबामांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी, डिसेंबर 2007 मध्ये, त्यांच्या साइटच्या पहिल्या पानाची 24 रूपं तपासली होती. प्रचारातल्या लोकांचा जीव व्हिडिओवर होता. प्रत्यक्षात तिन्ही व्हिडिओ प्रत्येक फोटोच्या मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि "अधिक जाणून घ्या" हे बटण जिंकलं, नोंदणी 8.26 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर गेली. पण तिथे तीन लाखांहून जास्त माणसं आली होती, हे विसरायचं नाही.

पेठकर
मग छोट्यांनी काय, मोठ्यांच्या गोष्टी वाचून गप्प बसायचं?

रेडमंडकर
नाही हो. ज्यात शंकाच नाही ते टेस्ट न करता सरळ दुरुस्त करायचं. फळाचं वजन लिहायचं की नाही याची टेस्ट कशाला? ज्यात घरातच दोन मतं आहेत आणि जे उलटं पडू शकतं, ते टेस्टला ठेवायचं.

दुसरं, ऑर्डरऐवजी एक पायरी अलीकडची मोजता येते. समजा शंभरातले दहा जण पेटी कार्टमध्ये टाकतात. दहाचे तेरा झाले का, हे पकडायला मास्तरांच्याच सूत्राने एका पानाला 1600 माणसं पुरतात. पण सांभाळून. कार्ट वाढलं म्हणजे विक्री वाढली असं नसतं, त्यामुळे ऑर्डरींवर नजर ठेवाच.

कलमवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आईच्या हातात काकूंचा जुना फोन दिला आणि मृण्मयीताईंनी सांगितलं तसं गप्प बसलो. जे दिसलं ते लिहितो.

पान उघडायला इतका वेळ लागला की आईने "नेट गेलं वाटतं" म्हणून फोन खाली ठेवला. मग बागेचा मोठा फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरला. तो पुरता आला तशी किंमत खाली सरकली, आणि आई किमतीवर बोट ठेवायला गेली ते भलत्याच ठिकाणी पडलं. मोबाइल नंबरच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांचा कीबोर्ड वर आला, आकड्यांचा नाही. पिनकोडचा रकाना कीबोर्डखाली गडप. तिने 411038 टाकलं ते शहराच्या रकान्यात. नंतर पत्ता दुसऱ्यांदा विचारला, बिलाचा म्हणून. "आत्ताच तर दिला!" असं फोनलाच म्हणाली. शेवटी डिलिव्हरीचा खर्च धरून बेरीज आली तेव्हा वर जाऊन मूळ किंमत परत बघितली, पुन्हा खाली आली, आणि म्हणाली, "यापेक्षा दादाला फोन लावला असता."

व्हॉट्सअ‍ॅपची वहीही काढली. डोंबिवलीच्या ताईंचे चारही प्रश्न त्यात आहेत. सर्वांत जास्त वेळा आलेला: "अमुक तारखेला मिळेल का?"

मृण्मयी_डिझाइन
सोनं सापडलं तुम्हाला! यातलं जवळजवळ काहीच टेस्ट करायचं नाही, वेबसाइटवाल्याला आजच यादी द्या. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून काही शे केबींवर आणा आणि त्याची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवा, म्हणजे किंमत उडणार नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा चांगल्या पानाचा निकष आहे. वेगाचा विक्रीवर परिणाम होतो का, हे व्होडाफोनने इटलीत ए/बी टेस्ट करूनच तपासलं होतं. दोन्ही पानं दिसायला सारखी, एक फक्त वेगवान. मुख्य भाग दिसायचा वेळ 31 टक्क्यांनी सुधारला, विक्री 8 टक्क्यांनी वाढली.

नंबर आणि पिनकोडला आकड्यांचा कीबोर्ड हे एका ओळीचं काम आहे. बिलाचा पत्ता "तोच" असं आधीच धरून चाला. आणि इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमधून यूपीआय अ‍ॅप उघडतंय का ते स्वतः एक पेटी मागवून बघा. तिथे कधीकधी अडतं, आणि तुमची बहुतेक माणसं तिथूनच येतात.

झटपट_सेल
ठीक, घड्याळाचं सोडून देतो. पण किमतीची टेस्ट तरी कराल की नाही? निम्म्यांना शंभर रुपये जास्त दाखवा, कळेल किती ताणतंय.

निवृत्त_मास्तर
अ‍ॅमेझॉनने 2000 साली डीव्हीडींच्या बाबतीत हे करून बघितलं. लोकांनी आपसात किमती ताडून पाहिल्या आणि बोंब झाली. शेवटी सहा हजारांहून जास्त ग्राहकांना फरक परत करावा लागला. इथे तर एकाच सोसायटीतल्या दोन बायका एकाच ग्रुपवर दुवा टाकणार. "तुला कितीला मिळाली?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो. आंब्यात नाव गेलं की पुढचा सीझनही गेला.

कलमवाला
किंमत सगळ्यांना एकच, त्यात बदल नाही. खरा वाद आमच्या घरात तारखेवरून आहे. मला वाटतं गिऱ्हाइकाला पहिल्याच पानावर तारीख निवडू द्यावी. भाऊ म्हणतो, तारीख दिली की आपण अडकलो. टेम्पो एक दिवस चुकला तर शिव्या आपल्यालाच. त्यापेक्षा "झाडावरून उतरवला की पाठवतो" असं लिहून, पुढची तोड कधी एवढंच दाखवू. ही टेस्ट होईल का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ऑर्डरींचं काय, त्या कुठल्या पानावरून आल्या ते कसं कळणार?

रेडमंडकर
उत्तम टेस्ट. दोन मतं आहेत, दोन्हींत तथ्य आहे, आणि फरक मोठा पडू शकतो. अशा टेस्टचं गूगल ऑप्टिमाइझ हे साधन सप्टेंबर 2023 मध्येच बंद झालं, पण तुम्हाला महागडं साधन लागणार नाही. माणूस पहिल्यांदा आला की यादृच्छिकपणे अ (तारखेचं पान) किंवा ब (तोडीचं पान) ठरवायचं आणि कुकीत (ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत) साठवायचं, म्हणजे परत आला तरी तेच पान दिसेल. ऑर्डरीसोबत ते अक्षर नोंदवायचं. तुमचा वेबसाइटवाला एका दुपारी करून देईल.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणामागच्या दुव्यात आधीच लिहिलेला मेसेज टाकता येतो. अ पानावर "नमस्कार, हापूसची पेटी हवी आहे", ब पानावर "नमस्कार, मला हापूसची पेटी हवी आहे". एका "मला"चा फरक. गिऱ्हाइकाला काही कळणार नाही, तुम्हाला मोजता येईल. काहीजण मेसेज खोडून स्वतःचं लिहितील, पण ते दोन्हीकडे सारखेच होतील.

आठवड्याने सगळ्यात आधी हे बघा की अ आणि ब ला आलेल्या माणसांची संख्या जवळपास सारखी आहे का. 2000 आणि 1990 असेल तर ठीक. 2000 आणि 1700 असेल तर वाटणीतच गोची आहे, पुढचे आकडे बघायचेच नाहीत.

निवृत्त_मास्तर
आणि रोज रात्री डोकावून "ब पुढे आहे, थांबवू या" असं करायचं नाही. या सूत्रात, फरक नसतानाही फरक दिसण्याची शक्यता वीसात एक धरलेली असते. मध्ये दहा वेळा डोकावलात आणि जिथे जिंकल्यासारखं दिसलं तिथेच थांबलात, तर ती पाचात एकच्या आसपास जाते. साइट कोसळली, पेमेंट अडलं तर अर्थात थांबवा. एरवी किती माणसं झाल्यावर निकाल लावायचा ते आज कागदावर लिहा, खाली तुमची आणि भावाची सही. थांबायचंही पूर्ण आठवड्यावर, रविवारचं गिऱ्हाईक मंगळवारच्यासारखं नसतं.

कलमवाला
भाऊ सही करायला तयार आहे, पण एक अट घालतोय. तारखेच्या पानावर ऑर्डरी जास्त आल्या तरी उशिराच्या तक्रारीही जास्त आल्या, तर ते पान जिंकलं असं म्हणायचं नाही.

निवृत्त_मास्तर
भाऊ हुशार आहेत. मोजायचं ते "पोचलेली आणि पैसे परत न मागितलेली पेटी", नुसती ऑर्डर नव्हे. तक्रारींच्या नोंदीतही अ-ब लिहीत चला. साक्याच्या तक्रारी ऑर्डरींच्या प्रमाणात दोन्हीकडे सारख्याच यायला हव्यात, कारण त्यांचा पानाशी संबंध नाही. तिथेच मोठी तफावत दिसली तर समजा नोंदणीत काहीतरी गडबड आहे.

डोंबिवलीची_गिऱ्हाईक
मला कुठलं पान दिसेल?

रेडमंडकर
ते कलमवाल्यांनाही माहीत नसणार, नसायलाच हवं. :)

पेठकर
माझ्या मसाल्यांना सीझन नाही, वर्षभर तुरळक गिऱ्हाईक. शंभरात तीन घेतात, पण महिन्याला येणारेच जेमतेम सातशे. माझी टेस्ट कधी संपणार?

निवृत्त_मास्तर
तीनाचे साडेचार व्हावेत म्हणून शोधत असाल तर एका पानाला दोन हजारांच्या वर माणसं लागतील, म्हणजे सहा महिने. तोवर दिवाळी मध्ये येऊन जाईल. तुम्ही आईच्या हातात फोन द्या, आणि काय दिसलं त्याचा वेगळा धागा काढा.